वाढत्या अंगाची गाडी

एकदा एक बेदाण्याचा व्यापारी आपल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी चार चाकांची बाईक विकत घ्यायला निघाला. हो, चार चाकांचीच. समुद्रकाठी वाळूवर गुरगुरत फिरते ती, जाड टायरांची, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांचं लग्न लावून दिल्यासारखी दिसणारी गाडी. तिला क्वाड बाईक म्हणतात. दृष्टांतात बैलगाडी असावी, फार तर छकडा असावा, अशी काही वाचकांची अपेक्षा असते. त्यांनी मला क्षमा करावी. शहाणपण बैलगाडीतूनच यावं असं कुठं लिहून ठेवलेलं नाही.

मुलीचं नाव ईश्वरी. मे महिन्याच्या सुट्टीत समुद्रावर तिनं अशा गाडीवर वडिलांच्या पुढ्यात बसून दोन फेऱ्या मारल्या, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय उरला नाही. जेवताना गाडी, आंघोळीला गाडी, शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर गाडी. व्यापाऱ्याच्या द्राक्षबागेला लागून सपाट माळ रिकामाच पडला होता. लेक एकुलती, तिचा सहावा वाढदिवस येत्या रविवारी, आणि माणूस हौशी. त्यानं ठरवून टाकलं.

तालुक्याच्या गावाबाहेर, हमरस्त्याला लागून, बाबालाल शिकलगार नावाच्या वृद्ध गृहस्थांची पत्र्याची शेड होती. तारुण्यात त्यांनी मोटारसायकलच्या शर्यती गाजवल्या, पुढं हातात पाना घेतला, आणि सत्तरी ओलांडल्यावर लहान मुलांना क्वाड बाईक शिकवण्यात व विकण्यात ते रमले. शेडच्या मागं मुरुमाचा गोल ट्रॅक, कडेनं अर्धे पुरलेले जुने टायर, आणि एका अंगाला हलकासा उतार. सगळी पंचक्रोशी त्यांना वस्ताद म्हणे. त्यांच्या हाताखाली गिरिजा नावाची सव्वीस वर्षांची शिष्या होती. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झालेली, पुण्यातली नोकरी सोडून चार महिन्यांपूर्वी आलेली. इंजिनातलं तिला वस्तादांइतकंच कळत होतं, किंबहुना काकणभर जास्तच. तसं ती बोलूनही दाखवी, आणि वस्ताद हसून मान डोलवत.

व्यापारी मोटारीतून उतरला आणि लेकीचा हात धरून शेडकडे चालत आला. वस्ताद गाड्यांकडे बघायचं सोडून त्या दोघांच्या पायांकडे बघत होते.

"गिरिजा, बापलेकीची चाल बघ," ते हळूच म्हणाले.

गिरिजानं पाहिलं. दोघंही पावलाची बोटं आत दाबून, जमीन धरून धरून चालत होते, आणि टाच उचलली की फट्, फट् असा बारीक आवाज येत होता.

"सारखीच आहे की," ती म्हणाली. "रक्तातच असतं ते."

"असेल बाबा," वस्ताद म्हणाले.

शेडमध्ये दोन गाड्या समोर होत्या. एक हिरवी, बुटकी, रंग जरा उडालेला. दुसरी लालभडक, कोरी करकरीत, हिरवीच्या दुप्पट. ईश्वरी सरळ हिरवीपाशी गेली. कुणी सांगायच्या आधीच चढून बसली, आणि हँडलच्या ब्रेकवर तिची बोटं अशी बसली की गिरिजाला फार बरं वाटलं. पाय दोन्ही बाजूंच्या पट्टीवर नीट टेकले होते.

"पप्पा, ही!"

"ही? अगं, हे तर खेळणं आहे," व्यापारी हसला. "दोन वर्षांत गुडघे हनुवटीला लागतील. वस्ताद, ती लाल दाखवा."

"ती बारा वर्षांच्या पुढच्या मुलांची आहे," गिरिजा मध्ये पडली. "हिची बोटं ब्रेकपर्यंत पोचायची नाहीत. आणि ताकद बघा की तिची, वजन बघा."

"होईल की बारा वर्षांची! पोरी काय वाढायच्या थांबतात? पहिली दोनेक वर्षं मी हळू चालवायला सांगेन, मग काय, हातच बसेल. आपण वाढत्या अंगाची घेऊन टाकू, म्हणजे पुन्हा बघायला नको."

वाढत्या अंगाची! वाचकहो, हे दोन शब्द ऐकले नाहीत असा मराठी माणूस मला दाखवा. शिंप्याकडे गणवेश टाकला, की आई उंबऱ्यातूनच सांगणार, वाढत्या अंगाचा शिवा हो. मग बाह्या कोपराखाली, चड्डी गुडघ्याखाली, आणि झग्याच्या आत चार बोटं दुमड. दरवर्षी एकेक बोट उसवायची. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ रंग उमटायचा, आणि त्या गडद पट्ट्यावरून कुणाचा गणवेश कितव्या वर्षी आहे हे अख्ख्या वर्गाला कळायचं. माझा स्वतःचा एक स्वेटर होता. तिसरीत घेतला तेव्हा तो माझ्या मांडीपर्यंत येई आणि गुरुजी मला विचारत, आज वडिलांचा घालून आलास काय रे? सातवीत तो मला अगदी बरोबर झाला. पण तोवर कोपरं गेली होती. हसू नका. तुमच्याही घरात असा एक स्वेटर असणार.

तर व्यापारी तसं म्हणाला यात त्याचं काही फार चुकलं असं नाही. आपण सगळेच तसं म्हणतो. फक्त स्वेटरला इंजिन नसतं.

गिरिजा वस्तादांकडे पाहू लागली. आता वस्ताद चांगली कानउघाडणी करतील अशी तिची खात्री होती, कारण लहान मुलाला मोठी गाडी त्यांनी आजवर कधी दिली नव्हती. त्यावरून भांडून गेलेली गिऱ्हाइकं तिनं स्वतः पाहिली होती. वस्तादांनी ईश्वरीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्या बुटांकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, "ठीक आहे शेठ. लाल गाडी तुमची झाली. रविवारपर्यंत मी सगळं तपासून ठेवतो. पूजा इथंच करू. पोरीला घेऊन या."

व्यापारी खूश होऊन गेला. जाताना ईश्वरीनं मागं वळून हिरव्या गाडीकडे दोनदा पाहिलं.

मोटार रस्त्याला लागते न लागते तोच गिरिजा उसळली. "वस्ताद, तिची बोटं पोचत नाहीत ब्रेकला!"

"दिसलं मला."

"गाडी अंगावर उलटली तर? एवढंसं पोर आहे ते!"

"तेही दिसलं."

"मग दिलीत कशी?"

वस्तादांनी लाल गाडी ढकलत आतल्या खोलीत नेली, दाराला कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. "चहा टाक," एवढंच म्हणाले.

गिरिजानं चहा टाकला, पण स्वतः घेतला नाही. ज्या माणसासाठी तिनं पुण्यातली नोकरी सोडली, त्यानं एका श्रीमंत गिऱ्हाइकापुढं मान तुकवली, असं तिला वाटलं आणि मनातून फार वाईट वाटलं. पुढचे तीन दिवस ती कामापुरतंच बोलली. शनिवारी तिनं मनाशी निश्चय केला. उद्या ती गाडी त्या पोरीच्या हातात गेली, तर आपण आपली बॅग भरायची. वस्तादांनी तिचं तोंड पाहिलं असावं. त्यांनी नुसती सदऱ्यावरून किल्ली चाचपून पाहिली.

रविवारी सकाळी व्यापारी आला तो थाटात. झेंडूचा हार, नारळ, पेढ्यांचा पुडा, चार चाकांखाली ठेवायला चार लिंबं. ईश्वरी नव्या झग्यात होती. झग्याची दुमड आतून दिसत होती. डोक्याला नवं हेल्मेट. ते तिच्या नाकापर्यंत येत होतं, म्हणून आत टॉवेलची घडी घातलेली.

वस्तादांनी कुलूप काढून लाल गाडी बाहेर आणली. हार घातला, लिंबं ठेवली, व्यापाऱ्यानं नारळ फोडला, गिरिजानं निमूटपणे सर्वांच्या हातावर खोबरं दिलं. सगळं यथासांग झालं. मग व्यापाऱ्यानं किल्लीसाठी हात पुढं केला.

"देतो की," वस्ताद म्हणाले. "गाडीची मालकीण कुठं आहे?"

"ही काय, तुमच्यापुढंच उभी आहे!"

वस्तादांनी वाकून ईश्वरीकडे नीट पाहिलं. "नाही हो शेठ. ही तर सहा वर्षांची आहे. तुम्ही गाडी घेतलीत ती बारा वर्षांच्या मुलीसाठी. ती आली नाही का बरोबर?"

व्यापारी मोठ्यानं हसला. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी ताडपत्री आणली, हारासकट गाडी झाकली, शेजारी एक खोकं ओढून घेतलं आणि त्यावर शांतपणे बसले.

"वस्ताद, थट्टा पुरे आता."

"थट्टा कसली? मालकीण आली की किल्ली तिच्या हातात देतो. बसा, वाट बघू."

"अहो, तिला यायला सहा वर्षं लागतील!"

"मग सहा वर्षांनी या. गाडी कुठं जात नाही."

व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. दुपारी पाहुणे यायचे होते. माळावर मांडव घातला होता. लेक सगळ्यांसमोर गाडीवरून मांडवात येणार असं सगळ्या भाऊबंदांत सांगून झालं होतं. "हे बघा," तो कडक आवाजात म्हणाला, "गाडी माझी आहे. पोरगी माझी आहे. तिला जमतं की नाही ते मी बघेन. बसवा तिला, आत्ता बसवा!"

"बसवू," वस्ताद म्हणाले. "तुमची खात्री झाली तर मी अडवणार नाही. इंजिन बंद राहील. गिरिजा, मागच्या दांडीला दोर बांध."

गिरिजा उठली. ताडपत्री काढून गाडी उताराच्या वरच्या टोकाला नेली, गिअर न्यूट्रलला टाकला, आणि मागच्या दांडीला चांगला जाड दोर बांधला. दोराचं दुसरं टोक वस्तादांनी स्वतःच्या कमरेला गुंडाळून हातात धरलं. गिरिजा गाडीच्या बाजूला, एक हात वर बसलेल्या ईश्वरीच्या पाठीशी. उतार म्हणजे काही घाट नव्हता. चेंडू सोडला तर सावकाश घरंगळत जावा इतकाच.

"शेठ, तुम्ही खाली उभे राहा. बरोबर गाडीच्या वाटेत. ईश्वरी बाळ, गाडी हळूहळू पप्पांकडे जाईल. पप्पांपाशी पोचायच्या आत ब्रेक दाबून थांबवायची. जमेल ना?"

"हो आजोबा," ईश्वरी हेल्मेट वर सारत म्हणाली.

वस्तादांनी दोर सैल सोडला. लाल गाडी आवाज न करता निघाली. पहिली चार-पाच पावलं ईश्वरी हसत होती. मग तिनं ब्रेकसाठी बोटं पुढं काढली. बोटं लोखंडाला नुसती टोकं लावून परत आली. तिनं पुन्हा ताणली. बोटं पुढं न्यावीत तर हँडल सुटे, हँडल धरावं तर बोटं पोचेनात. तेवढ्यात हेल्मेट घसरून डोळ्यांवर आलं.

"पप्पा! पप्पा, बाजूला व्हा! थांबत नाही! पप्पा!"

व्यापारी जागच्या जागी खिळला होता. त्याला स्वतःची भीती वाटत नव्हती. हेल्मेटखालून येणारा लेकीचा आवाज ऐकून त्याचे पायच उचलेनात. गाडी त्याच्या पोटापासून हातभर अंतरावर आली, आणि वस्तादांनी दोर ताणून ती जागेवर थांबवली. गिरिजानं हेल्मेट काढलं. ईश्वरीचा चेहरा घामानं आणि रडण्यानं भिजला होता.

व्यापाऱ्यानं तिला उचलून पोटाशी धरलं. हुंदके देत देतच ती बोलू लागली.

"सॉरी पप्पा. गाडी चांगली आहे. माझीच बोटं लहान आहेत. मी उद्यापासून दोन ग्लास दूध पिते. मग पुरतील."

ते ऐकून गिरिजानं तोंड फिरवलं.

वस्तादांनी कमरेचा दोर सोडला, गाडीच्या चाकाखाली दगड लावला आणि जवळ आले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"शेठ, ऐकलंत ना पोर काय म्हणालं ते? गाडी तिच्या मापाची नाही, हे तुमच्या लक्षात आलं नाही, पण तिनं काय धरलं मनात? की मीच कमी पडले. मोठ्या मापाची वस्तू पोराला रोज हेच सांगत असते. तुम्ही बारा वर्षांच्या मुलीची एवढी सोय केलीत. चांगलं केलंत, ती येईलच, तिची गाडी मी झाकून सांभाळून ठेवतो. पण ही सहा वर्षांची पोरगी आज तुमच्या कडेवर आहे. हिच्यासाठी काय आणलंत? पुढच्या वर्षी ही असणार नाही, सात वर्षांची असेल. हिला जे द्यायचं ते आजच्याच मापाचं द्यावं लागतं."

मग ते ईश्वरीकडे वळले. "बाळ, बूट काढतेस जरा?"

ईश्वरीनं बूट काढले. वस्तादांनी एका बुटात दोन बोटं घातली आणि चवड्यातून कापसाचा बोळा बाहेर काढला. दुसऱ्यातूनही काढला. दोन्ही बोळे त्यांनी व्यापाऱ्याच्या हातावर ठेवले. पायानं दाबून दाबून ते दगडासारखे घट्ट झाले होते.

"आता त्या टायरापर्यंत पळून ये बघू. अनवाणी."

ईश्वरी डोळे पुसत पळाली. अशी पळाली की गिरिजाच्या ध्यानात आलं, ही तिची चाल मुळी नव्हतीच. बोटं मोकळी, टाच मोकळी, जाताना पळाली आणि येताना उड्या मारत आली.

व्यापारी हातावरच्या बोळ्यांकडे पाहत खाली टायरावर बसला. मग तो बोलू लागला, आणि तेही वस्तादांकडे न बघता.

"पाचवीत मला पहिले बूट घेतले होते वडिलांनी, बापूंनी. चवड्यात असाच कापूस. शाळेच्या शर्यतीत मी पुढं होतो वस्ताद, खरंच पहिला होतो. निम्म्यात बूट निघाला. एका बुटानं पळत राहिलो. सगळी शाळा हसत होती. आठवीत ते बूट मला बरोबर झाले, तेव्हा तळ फाटला होता. बापूंवर राग नाही माझा. माझे वडील वाईट नव्हते."

"छे, वाईट कसे असतील?" वस्ताद म्हणाले. "त्यांना दरवर्षी बूट घेणं झेपत नव्हतं, म्हणून त्यांनी पुढच्या चार वर्षांचा विचार एकदम केला. मायाच होती ती. पण शेठ, ती अडचण त्यांची होती. तुम्ही ती वाडवडिलांची ठेव म्हणून पोरीला कशाला देताय?"

व्यापाऱ्यानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

"पण हिरवी दोन वर्षांत लहान होईल हो," थोड्या वेळानं तो म्हणाला. सवय अशी एका दमात सुटत नाही.

"व्हायलाच पाहिजे. लहान झाली, म्हणजे ती खरोखर तिची होती. मग मला परत आणून द्या. हिच्या आधी सात पोरं तिच्यावर शिकून गेलीत, पुढं नववं-दहावं येईल. लहान गाडी मी विकत नाही. ती फिरती असते."

गिरिजा उठून हिरवी गाडी बाहेर घेऊन आली. सांगायची गरज पडली नाही. तिनं ॲक्सिलरेटरचा बारीक स्क्रू पिळून वेग माणसाच्या चालण्याइतका केला, शेडमधलं लहान हेल्मेट ईश्वरीच्या डोक्यावर बसवून हनुवटीखालचा पट्टा आवळला, आणि टॉवेलची घडी व्यापाऱ्याच्या हातात दिली. या खेपेस इंजिन चालू होतं. व्यापारी पुन्हा वाटेत उभा राहिला.

हिरवी गाडी गुरगुरत निघाली. व्यापाऱ्यापासून चार हातांवर ईश्वरीनं ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली.

"थांबवली! पप्पा, मी थांबवली!"

नंतरचा तासभर तिनं काय केलं असेल? पळवली नाही हो. थांबवली. निघायची, थांबवायची, निघायची, थांबवायची. प्रत्येक वेळी वडिलांच्या तोंडाकडे बघायची. इतका मोठा प्राणी आपलं ऐकतो याचा तो आनंद होता. व्यापारी दर खेपेस टाळ्या वाजवत होता आणि मांडवात पाहुणे येऊन बसले असतील हे साफ विसरून गेला होता.

ती दोघं गेल्यावर शेडमध्ये शांतता झाली. हिरवी गाडी मोटारीमागच्या टेम्पोतून गेली होती. लाल गाडी गिरिजानं ताडपत्रीखाली झाकून आतल्या खोलीत लावली, आणि किल्लीला कागद बांधून त्यावर लिहिलं, 'ईश्वरी, वय बारा'. किल्ली खिळ्याला अडकवून ती वस्तादांसमोर येऊन बसली.

"वस्ताद, पहिल्याच दिवशी नाही का म्हणाला नाहीत? मी तीन दिवस तुमच्यावर रागावले होते."

"कळत होतं की. चहा पांचट करत होतीस." वस्ताद हसले. मग सावकाश म्हणाले, "पोरी, त्या दिवशी मी नाही म्हटलं असतं तर तो ताडकन उठून शहरात गेला असता. तिथं अशीच लाल गाडी त्याला संध्याकाळपर्यंत मिळाली असती, आणि रविवारी तू-मी इथं चहा पीत असताना ते पोर माळावर एकटं त्या गाडीवर असतं. मी हो म्हटलं, म्हणून गाडी चार दिवस माझ्या कुलपात राहिली. आणि दुसरं असं, की सांगून कळण्यासारखं असतं तर तू सांगितलंच होतंस. तुझं बरोबरच होतं. पण त्याला आधी त्या वाटेत उभं करायला पाहिजे होतं."

गिरिजा उठली, आणि या वेळी तिनं दोन कप चहा टाकला, चांगला आल्याचा.

तिकडे व्यापाऱ्यानं घरी जाताना बाजारात मोटार थांबवली. बुटांच्या दुकानदारानं ईश्वरीचा पाय लाकडी पट्टीवर घेतला आणि सवयीनं म्हणाला, "एक नंबर मोठा देतो शेठ. वाढत्या अंगाचा."

"नको," व्यापारी म्हणाला. "आजच्या पायाचा द्या."

ईश्वरीला नवे बूट झाले. दुकानदार पट्टी उचलून ठेवणार, इतक्यात व्यापाऱ्यानं स्वतःचा बूट काढला आणि पाय पुढं केला. "माझाही मोजा."

दुकानदारानं एकदा मोजला. मग चष्मा सारखा करून पुन्हा मोजला. "शेठ, तुमचा पाय आठ नंबरचा आहे हो. आणि इतकी वर्षं तुम्ही नऊ नंबर मागून नेताय!"

व्यापाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. वय चव्वेचाळीस. पाय वाढायचा थांबून पंचवीस वर्षं झाली होती, आणि दुकानात शिरल्यावर दर वेळी तोंडातून आपोआप नऊच येत होतं.

"आठ द्या," तो म्हणाला.

दोघं नवे बूट घालून बाहेर पडली. मोटार चौकापलीकडं लावली होती, तिथवर चालत जायचं होतं. दहा-बारा पावलं गेल्यावर ईश्वरी थांबली, वडिलांच्या पायांकडे बघत राहिली, आणि मग त्यांचा हात ओढून म्हणाली,

"पप्पा, तुमच्या चालण्याचा आवाजच येत नाहीये!"